कसर लागते ती अंधारात

मराठी घरात शाली साठत जातात. निवृत्तीचा समारंभ, एकसष्टी, शाळेचं स्नेहसंमेलन, गणेशोत्सवातलं व्याख्यान. प्रत्येक ठिकाणी शाल आणि श्रीफळ. नारळाची आठवड्याभरात चटणी होते, शाल कपाटाच्या वरच्या फळीवर जाते. तिच्या शेजारी मावशीनं विणलेला स्वेटर, आजोबांची माकडटोपी, चारधाम यात्रेसाठी घेतलेले हातमोजे. पुण्यात खरी थंडी दोन महिने, मुंबईत जेमतेम काही दिवस. उरलेलं वर्षभर ही चळत जागची हलत नाही. मग एखाद्या डिसेंबरात घडी उलगडावी, तर मधोमध बारीक बारीक भोकं, कडेला पांढुरकी जाळी आणि शालीच्याच रंगाची दाणेदार भुकटी. ‘कसर लागली’ असं म्हणून घरातलं कुणीतरी चार डांबरगोळ्या आत टाकतं आणि दार लावून घेतं.

माझा आक्षेप त्या चार गोळ्यांना आहे. नेहमीच्या कपाटात त्यांनी कसर थांबत नाही, आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्या कसरीपेक्षा कितीतरी घातक ठरू शकतात. कसर हटवायची तर ती कोण, काय खाते आणि तिला काय सोसत नाही हे आधी पाहायला हवं. तेवढं कळलं की बहुतेक उपाय घरातच सापडतात.

आपण ज्यांच्यावर कसरीचं खापर फोडतो ते किडे निदान तीन वेगळ्या जातकुळीचे आहेत. जुन्या पुस्तकांत आणि कांजी केलेल्या सुती कपड्यांत सुळकन पळणारा, बिनपंखांचा, मागे तीन लांब केस असलेला रुपेरी किडा पिष्टावर जगतो: खळ, डिंक, कागद. दुसरा एक चिमुकला, ठिपक्याठिपक्यांचा गोल भुंगेरा. त्याचं शास्त्रीय नाव अँथ्रिनस. मोठा झालेला भुंगेरा फुलांतले पराग खातो आणि बाहेर पडायच्या धडपडीत खिडकीशी सापडतो. कपडे खाते ती त्याची केसाळ तपकिरी अळी. लोकर, पिसं, चामडं, मेलेले किडे, तिला सगळं चालतं. कपड्याच्या घडीत अळीच्या वाळलेल्या, केसाळ काती मिळाल्या तर समजावं की हा भुंगेरा आहे.

तिसरा खरा लोकरखाऊ पतंग. त्याला टिनिओला बिसेलिएला म्हणतात. लांबी सहा-सात मिलिमीटर, पंख गव्हाच्या काडाच्या रंगाचे आणि चकाकणारे, डोक्यावर तांबूस केसांचा झुपका. दिव्याभोवती घिरट्या घालणारे पतंग ते हे नव्हेत. हा उजेडापासून पळतो. कपाट उघडलं की उडण्यापेक्षा सरपटत घडीच्या आत शिरतो. त्याच्या तोंडाचे अवयव खाण्याच्या कामाचेच नसतात. पतंग झाल्यावर तो काही खात नाही, अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर दोन-तीन आठवडे जगतो, जोडीदार शोधतो आणि मरतो. हवेत भिरभिरताना दिसतो तो बहुधा नर असतो. मादी अंधारात चालत राहते आणि धाग्यांच्या मध्ये चाळीस-पन्नास, कधी त्याहून जास्त अंडी घालते. म्हणून उडणारा एक पतंग टाळी वाजवून मारल्यानं शाल वाचत नाही. तो दिसला याचा अर्थ एवढाच की कपाटात कुठेतरी अळ्या पोसल्या गेल्या आहेत.

उबदार हवेत आठवड्याभरात अंडी फुटतात. अळी पांढुरकी, डोकं तपकिरी. ती रेशमासारखे धागे काढून स्वतःभोवती बोगदा विणते आणि त्याच्या आडून खात राहते. पोटभर खाणं, ऊब आणि दमटपणा मिळाला तर दोनेक महिन्यांत तिचा पतंग होतो. खाणं बेताचं असलं तर अळीच्याच अवस्थेत ती वर्ष-दोन वर्षंही काढू शकते. साधारण २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ७० ते ७५ टक्के आर्द्रता तिला सर्वांत मानवते. जुलै-ऑगस्टमधलं पुणं, सातारा, नाशिक आठवून पाहा. भोकं दिसतात डिसेंबरात, पण ती पडलेली असतात पावसाळ्यात, आपण त्या फळीकडे ढुंकूनही पाहत नसतो तेव्हा.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात याच घराण्यातला आणखी एक सदस्य घरोघरी आहे. भिंतीवर किंवा छताच्या कोपऱ्यात भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी पिशवी चिकटलेली असते. नीट पाहिलं तर ती हळूहळू सरकते. फेरिओइका वंशातल्या पतंगाच्या अळीचं ते घर. वाळूचे कण, धूळ, कपड्यांचे तंतू रेशमानं एकत्र विणून ती ही पिशवी करते आणि आयुष्यभर बरोबर ओढते. पिशवीला दोन्ही टोकांना फट असते आणि आतल्या आत वळून अळी कोणत्याही बाजूनं डोकं बाहेर काढते. तिचा मुख्य आहार म्हणजे कोळ्यांची जुनी जाळी, गळलेले केस, कोंडा आणि मेलेले किडे. लोकर मिळाली तर तीही खाते. दिवाळीच्या आधी लांब केरसुणीनं जळमटं काढण्याची आपली पद्धत या अळीवरचा अचूक उपाय आहे, कारण त्यात तिचं घर आणि तिचं अन्न एकदमच जातं. मात्र काढलेल्या पिशव्या केरात तशाच टाकू नयेत, चिरडाव्यात. अळी आत जिवंत असते.

लोकर खाणं ही सोपी गोष्ट नाही. केस, नखं, शिंगं, पिसं आणि लोकर केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात. या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या जोडांनी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. केस जळल्यावर येणारा उग्र वास याच गंधकाचा. आपल्या पोटात गेलेला केस जसाच्या तसा बाहेर पडतो, कारण हे जोड तोडण्याची ताकद आपल्या पाचकरसांत नाही. या अळीच्या आतड्याचा मधला भाग अतिशय अल्कधर्मी असतो आणि तिथे प्राणवायू जवळपास नसतो. अशा ठिकाणी गंधकाचे जोड तुटतात, साखळ्या सुट्या होतात आणि मग विकरं त्यांचे तुकडे करतात. तिला पाणीही प्यावं लागत नाही. कोरडी लोकर पचवतानाच शरीराला पुरेल एवढं पाणी तिला मिळतं. प्राणिसृष्टीत ही क्षमता फार थोड्यांकडे आहे, आणि इतक्या क्षुद्र दिसणाऱ्या अळीनं ती कमावली याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण तिची एक अडचण आहे, आणि आपला बचाव त्या अडचणीतच आहे. निव्वळ स्वच्छ लोकरीवर ती नीट वाढत नाही. तिला क्षार आणि ब जीवनसत्त्वं लागतात. ती मिळतात घामातून, त्वचेच्या कोंड्यातून, शालीवर सांडलेल्या चहातून नि आमटीतून. भोकं कुठे पडतात पाहा: कॉलरपाशी, काखेत, मनगटावर, टोपीच्या कपाळाकडच्या पट्टीत. ‘एकदाच तर घातला होता’ म्हणून न धुता ठेवलेला स्वेटर हे तिच्यासाठी वाढून ठेवलेलं ताट आहे. थंडी संपली की प्रत्येक लोकरी कपडा धुऊन, कडकडीत वाळवून मगच ठेवणं हा सगळ्या उपायांचा पाया. घरी धुवायचं तर रिठ्याचं पाणी किंवा लोकरीसाठीचा सौम्य साबण. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सपाट पसरून वाळवायचं. ड्रायक्लीनिंगमध्ये अंडी, अळ्या सगळंच मरतं.

सगळ्याच शालींची काळजी करायची गरज नाही, हेही सांगायला हवं. सत्कारात मिळणाऱ्या अनेक शाली अॅक्रिलिकच्या असतात आणि अॅक्रिलिक अळीला पचत नाही. ओळखायचं कसं? कडेचा एक धागा काढावा, चिमट्यात धरून वाटीवर जाळावा. लोकरीचा धागा केस जळल्याचा वास देतो आणि त्याची राख बोटांत चुरडते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो. सुती कपडाही अळीला पचत नाही. मिश्र धाग्याच्या कापडात मात्र लोकर गाठण्यासाठी ती बाकीचे धागे कुरतडते.

आता डांबरगोळ्या. या गोळ्या नॅप्थलीनच्या, आणि नॅप्थलीन हे दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणारं रसायन. घन गोळीची थेट वाफ होते. म्हणून काही महिन्यांत गोळी झिजून नाहीशी होते. ही वाफ अळीला मारते हे खरं, पण त्यासाठी हवाबंद जागेत ती दाट साठावी लागते. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या ट्रंकेत ते काही अंशी घडतं. रोज दहा वेळा उघडणाऱ्या, फटी असलेल्या लाकडी कपाटात ते कधीच घडत नाही. तिथे वाफ फटींतून खोलीत येते आणि आपण ती श्वासातून घेतो. कपाट उघडल्यावर येणारा तो ओळखीचा वास म्हणजे कपडे सुरक्षित असल्याची खूण नव्हे. औषध कपड्यांना सोडून आपल्याकडे येत असल्याची ती खूण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००२ साली नॅप्थलीनला ‘माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या गटात टाकलं. युरोपीय संघानं २००८ साली नॅप्थलीनच्या गोळ्यांवर बंदी घातली. आपल्याकडे त्या किराणा दुकानात सुट्या मिळतात आणि बेसिनमध्येही टाकल्या जातात.

सर्वांत गंभीर गोष्ट बाळाच्या कपड्यांची. घराण्यातलं जुनं टोपडं, कुंची, लोकरीचे पायमोजे, आजीच्या मऊ लुगड्याची दुपटी, हे सगळं पुढच्या बाळंतपणासाठी ट्रंकेत जपून ठेवायचं आणि वर डांबरगोळ्या टाकायच्या, ही अनेक घरांतली प्रेमाची रीत. बाळ घरी येतं आणि ट्रंक उघडून तेच कपडे त्याला घातले जातात. काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. हा दोष आनुवंशिक आहे, मुलग्यांत जास्त आढळतो, आणि भारतातल्या अनेक समाजांत आहे. एरवी तो कुणाच्या लक्षातही येत नाही. पण नॅप्थलीन अंगात गेलं की त्यापासून बनणारी द्रव्यं या पेशींना सोसत नाहीत आणि पेशी झपाट्यानं फुटू लागतात. बाळाचं रक्त कमी होतं, कावीळ वाढते. काविळीचं पिवळं द्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, फार चढलं तर ते मेंदूत उतरतं आणि ऐकणं, हालचाल, बुद्धी यांचं कायमचं नुकसान करतं. प्राणही जाऊ शकतो. अशी प्रकरणं वैद्यकात कित्येक दशकांपासून नोंदलेली आहेत आणि त्यांत गोळ्यांसोबत ठेवलेले कपडे-पांघरुणं वारंवार येतात. नॅप्थलीन तेलात विरघळतं, त्यामुळे तेल चोळलेल्या अंगातून ते अधिक सहज शोषलं जातं. आपल्याकडे बाळाला रोज तेल लावतात.

जन्मल्याबरोबर या दोषाची तपासणी सगळीकडे होत नाही. म्हणून नियम सगळ्यांसाठी एकच असावा: बाळाच्या कपड्यांत, पांघरुणांत, बाळंतिणीच्या खोलीतल्या कपाटात डांबरगोळी नको. सुती दुपट्यांना तर ती कधीच लागत नव्हती. आधीच गोळ्यांत ठेवलेले कपडे असतील तर ते बाळाला घालूच नयेत. आठवण म्हणून घालायचेच असतील, तर बरेच दिवस उघड्यावर वारा देऊन, पुन्हा पुन्हा धुऊन, वासाचा मागमूसही उरला नाही याची खात्री झाल्यावरच. आणि बाळ पिवळं दिसू लागलं, लघवी गडद झाली, दूध ओढेनासं झालं तर ताबडतोब दवाखान्यात न्यावं आणि डांबरगोळ्यांचा संपर्क आला होता हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावं. रांगत्या मुलांच्या बाबतीत धोका आणखी वेगळा. पांढरी गोळी त्यांना खाऊची वाटते.

मग कापूर, कडुनिंब, वेखंड? वेखंडाच्या तेलातल्या बीटा-असारोन या घटकाचा कीटकांवर परिणाम होतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, जिथे सरफोजी राजांनी जमवलेली मराठी हस्तलिखितंही आहेत, पोथ्यांसाठी वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी अशा जिनसांच्या पुरचुंड्या ठेवण्याची परंपरा आहे. परंपरेला आधार आहे, पण तिच्या मर्यादाही पाहाव्यात. वास फार तर नव्या पतंगाला दूर ठेवेल. घडीत आधीच असलेली अंडी आणि अळ्या त्यानं मरत नाहीत, आणि दोन-तीन महिन्यांत वास उडतो. देवदाराचं लाकूड आणि लॅव्हेंडर यांचंही तेच. पुरचुंडी ठेवायची असेल तर धुतलेल्या, तपासलेल्या कपड्यांत ठेवावी आणि दर ऋतूत बदलावी. कडुनिंबाचा पाला घडीत सुटा टाकू नये, डाग पडतात.

अळी खरोखर मारायची तर ताप किंवा गारठा. ५५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून पतंगापर्यंत सगळ्या अवस्था काही मिनिटांत मरतात. जाड कापडाच्या आतपर्यंत उष्णता पोचायला अधिक वेळ लागतो एवढंच. वाफेची इस्त्री शिवणींवरून, दुमडींवरून सावकाश फिरवणं म्हणून उपयोगाचं. दोरीवर टांगलेली शाल उन्हात एवढी तापत नाही, तरी ऊन देण्यात मोठा फायदा आहे. अळ्यांना उजेड सोसत नाही, त्या खाली पडतात; आणि कपडा झटकून मऊ ब्रशनं शिवणी, खिशांचे तळ, कॉलरची उलटी बाजू घासली की अंडी चिरडतात नाहीतर निघून जातात. पाऊस सरला की येणारं आश्विनातलं कडक ऊन यासाठी उत्तम. कपडे गच्चीवर टाकून कपाट मात्र तसंच ठेवलं तर मेहनत वाया जाते. फळ्यांचे सांधे, खणांमागची धूळ, खाली पडलेले केस, सगळं व्हॅक्यूम क्लीनरनं किंवा बारीक कुंच्यानं काढून ती धूळ घराबाहेर टाकायला हवी.

ज्यांना ऊन किंवा पाणी चालत नाही अशा वस्तूंसाठी फ्रीझर. वस्तू जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढायची, तोंड चिकटपट्टीनं बंद करायचं आणि उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवायची. जुन्या एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा इतका थंड होत नाही. वेगळ्या दाराचा फ्रीझर हवा. एकदम खूप कपडे कोंबू नयेत. गारठा हळूहळू आत पोचला तर अळ्यांना त्याची सवय होते. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर तशीच बंद ठेवावी, म्हणजे दव पिशवीवर जमेल, शालीवर नाही. पश्मिना, भरतकामाच्या टोप्या, खऱ्या पिसांच्या वस्तू यांना ही पद्धत मानवते. संग्रहालयांतही गारठ्याचा उपाय वापरतात, तिथे तापमान उणे ३०पर्यंत नेतात आणि काम तीन-चार दिवसांत होतं.

पैठणीची गोष्ट निराळी. रेशमाचा धागा केराटिनचा नसतो, त्यामुळे लोकरखाऊ पतंगाला तो फारसा रुचत नाही. रेशमाला उपद्रव होतो तो भुंगेऱ्याच्या अळीचा, डागांमुळे येणाऱ्या किड्यांचा आणि वर्षानुवर्षं एकाच रेषेत मोडलेल्या घडीचा. धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळावी, सावलीत वारा द्यावा, तीन-चार महिन्यांनी घडीची रेषा बदलावी. कडक ऊन नको, रंग उतरतो आणि धागा ठिसूळ होतो. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यातला दमटपणा कोंडला जातो आणि बुरशी धरते. जरीजवळ डांबरगोळी ठेवू नये असं साड्यांचे जाणकार सांगतात, ते ऐकावं.

घोंगडीला मात्र वापर हेच औषध. सनगर विणकर तिला चिंचोक्याची खळ देतात. म्हणजे तिच्यात लोकर आहे आणि पिष्टही, दोन्ही प्रकारच्या किड्यांची सोय. तरीही मेंढपाळाच्या खांद्यावरची घोंगडी वर्षानुवर्षं टिकते, कारण ती रोज उलगडते, ऊन खाते, झटकली जाते. अळीला आठवडेच्या आठवडे निवांत अंधार लागतो, तो तिला मिळतच नाही. शहरात हौसेनं आणून दिवाणाच्या पेटीत ठेवलेली घोंगडी हमखास खाल्ली जाते. ती अंथरा, पांघरा, निदान महिन्यातून एकदा गच्चीवर नेऊन झटका.

हल्ली ब्रिटन-अमेरिकेत राहणारे मराठी लोकही ही तक्रार करतात आणि तिथे कारण वेगळं आहे. बारमाही तापवलेली घरं आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत लोकरीचे गालिचे असले की अळीला हिवाळाच उरत नाही. इंग्लंडमध्ये जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेनं २०१७ साली लोकांना पतंगांचे सापळे वाटून देशभरातून मोजणी मागवली होती. या सापळ्यांत मादीच्या गंधाचं रसायन असतं आणि चिकट कागदावर नर अडकतात. सापळ्यानं कसर संपत नाही, पण ती कोणत्या खोलीत आहे आणि वाढते की घटते हे कळतं. नॉरफोकमधल्या ब्लिकलिंग हॉल या वाड्यात २०२१ साली पतंगाच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ट्रायकोग्रामा गांधीलमाश्या सोडून पाहिल्या गेल्या. हीच जातकुळी आपल्याकडे उसावरच्या खोडकिडीविरुद्ध शेतकरी वापरतात.

सगळं करूनही पतंग दिसतच राहिले तर कपाटाबाहेर शोधावं. वाजवायची बंद झालेली पेटी हे एक ठिकाण. स्वरपट्ट्यांखालचा लोकरी नमदा अळ्या खातात आणि मग पट्ट्या खडखडतात. तबल्याच्या जोडीखालची जुनी लोकरी गुंडाळी, देवघरातलं आसन, सोफ्याच्या मागच्या बाजूला साठलेले कुत्र्या-मांजराचे केस, हीही पाहावीत. शहरात सर्वांत दुर्लक्षित ठिकाण खिडकीबाहेर असतं: एसीच्या यंत्रामागे किंवा डक्टमध्ये केलेलं कबुतराचं घरटं. पिसं, विष्ठा आणि मेलेली पिल्लं यांवर केसाळ अळ्यांचे भुंगेरे आणि लोकरखाऊ पतंगांचे भाऊबंद वर्षभर पोसले जातात आणि जाळीच्या फटीतून आत येतात. पिल्लं उडून गेली की घरटं काढावं, पण कोरडं झाडू नये. विष्ठेची धूळ फुप्फुसांना घातक असते. मास्क आणि हातमोजे घालून आधी पाणी शिंपडावं, ओला केर पिशवीत बांधावा, जागा धुवावी आणि लगेच जाळी ठोकून घ्यावी.